हवेलीतले पाणी

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी भर श्रावणात मुंबईहून निघालेली गाडी नरसिंगपूर सोडून जबलपूरकडे लागली, की खिडकीशी बसलेल्या नवख्या प्रवाशाला वाटे, नर्मदेला पूर आला आहे. रुळांच्या दोन्ही अंगांना नजर पोहोचेल तिथवर पाणी. जरा निरखून पाहिले की कोडे पडे. पुराच्या पाण्याला कधी चौकोनी कडा असतात? इथे प्रत्येक पाण्याला मातीचा बांध होता, बांधावर एखादी बाभूळ, बांधावरूनच गावाकडे जाणारी पायवाट. ती शेते होती. त्यांच्या मालकांनीच ती बुडवून ठेवली होती, आणि तीही भातासाठी नव्हे. त्या पाण्याखालच्या मातीत ऑक्टोबरात गहू पेरला जाणार होता.

या पद्धतीला म्हणतात हवेली. पुण्याच्या वाचकाला हवेली म्हटले की तालुका आठवेल, आणि त्यात चूक काही नाही. मोगली महसुली भाषेत कारभाराच्या मुख्य शहराभोवतीच्या मुलखाला हवेली म्हणत, त्याच शब्दाचे हे दोन वारस. जबलपूरची हवेली म्हणजे पाटण, शहापुरा, सिहोरा या बाजूंना पसरलेला काळ्या मातीचा सपाट पट्टा. मुलखाचेच नाव तिथल्या शेतीच्या रीतीलाही चिकटले. हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. १७८१ मध्ये तो सागरच्या मराठ्यांकडे आला, १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला, आणि १८६१ पासून १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात नांदले. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्त्याकडून येणारे रेल्वेमार्ग जबलपुरात एकमेकांना मिळाले आणि नर्मदेच्या खोऱ्यातल्या गव्हाला मुंबई बंदराची वाट खुली झाली. त्या गव्हामागे हे अडवलेले पाणी होते.

पावसाचे जे पाणी जमिनीत न मुरता तिच्या पाठीवरून वाहून जाते, त्याला शास्त्रीय मराठीत अपधाव म्हणतात. शब्द पुस्तकी आहे, हिशेब मात्र अगदी घरगुती. एक मिलीमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर पाणी होते. म्हणजे एक मोठा टँकर. जबलपूरला वर्षाला सरासरी १,३०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. एखाद्या दिवशी शंभर मिलीमीटर कोसळला, तर एका हेक्टरच्या शेतात शंभर टँकर उतरले. त्यातले किती शेतात राहिले आणि किती नाल्याला लागले, हे तीन गोष्टींवर ठरते: माती कोणती, उतार किती, आणि पाऊस येण्याआधी त्या शेतात माणसाने काय करून ठेवले होते.

उताराची गोष्ट बहुतेकांना अंगभूत कळते. चढावर पाण्याची कळशी लवंडली की काय होते, ते सांगावे लागत नाही. पण उतार वाढला म्हणजे पाणी नेमके किती बिथरते, याला एक हिशेब आहे. उतार चौपट झाला तर पाण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. वेग दुप्पट झाला की त्याची ताकद चौपट होते. आणि वाहते पाणी किती वजनाचा खडा ढकलत नेऊ शकते, हे पाहिले तर पाठ्यपुस्तकांतला जुना नियम सांगतो की वेग दुप्पट झाल्यावर ते वजन ६४ पटीने वाढते. म्हणून सपाटीच्या नाल्यात गाळ सापडतो आणि घाटातल्या ओढ्यात धोंडे.

उताराइतकीच त्याची लांबीही महत्त्वाची. वरच्या टोकाला पडलेला थेंब खाली येईपर्यंत आणखी थेंब गोळा करतो, पातळ पडद्यासारखे वाहणारे पाणी रेषांमध्ये जमते, रेषांच्या घळी होतात. बांध घालणे म्हणजे उतार कमी करणे नव्हे. लांबलचक उताराचे तुकडे पाडणे, एवढेच. महाराष्ट्रात ताल घालणारा शेतकरी हेच करतो.

जबलपूरहून नर्मदेच्या उगमाकडे निघाले की मंडला आणि दिंडोरी लागतात. इथे सपाटी संपते आणि सातपुडा-मैकलचे चढउतार सुरू होतात. या डोंगरांत बैगा आदिवासी बेवर करत आले. उतारावरचा जंगलाचा तुकडा तोडायचा, वाळला की जाळायचा, पहिल्या पावसाआधी राखेत कुटकी, मका, तुरीसारखे बी विखरून टाकायचे, दोन-तीन वर्षांनी तो तुकडा सोडून पुढे जायचे. नांगर मात्र लावायचा नाही. धरतीमातेची छाती फाडू नये, ही त्यांची श्रद्धा. इंग्रजी जंगलखात्याने बेवरवर बंदी घातली आणि १८९० मध्ये बैगाचक नावाचा एक टापू ठरवून तेवढ्यापुरती ती मोकळी ठेवली. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ मध्ये बैगांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या नांगराच्या वादाला बरीच जागा आहे. साहेबाच्या नजरेत बैगा जंगल बुडवत होता. पण उतारावरच्या मातीच्या बाजूने पाहिले, तर नांगराने मोकळी केलेली माती पहिल्याच वळवात निघून जाते, आणि न नांगरलेल्या बेवरात खोडांची जिवंत मुळे तिला धरून असतात. पडीक राहण्याची वर्षे पुरेशी असतील तोवर हा सौदा चालतो. वर्षे आखडली की तोच बेवर उघडा पडतो. श्रद्धा आणि धूप यांचा इथे योगायोगाने मेळ बसला की अनुभवाने, हा वेगळा प्रश्न आहे.

नांगर चालवायचाच असेल तर कोणत्या दिशेने, यावर जगभर मोजमापे झाली आहेत. अमेरिकेत विशमायर आणि स्मिथ यांनी मातीच्या धुपीचे जे समीकरण बांधले, त्याच्या मुळाशी साधारण २२ मीटर लांब आणि नऊ टक्के उताराचा एक नमुना तुकडा होता, वरून खाली नांगरलेला. त्यांच्या कोष्टकानुसार तीन ते आठ टक्के उतारावर उताराला आडवी मशागत केली, तर माती निम्मीच जाते. उतार वीस टक्क्यांच्या पुढे गेला की आडव्या नांगरटीचा फायदा जेमतेम दहा टक्के उरतो. सरीतले पाणी वरंबा फोडून धावू लागते. अगदी सपाटीवरही फायदा थोडा उतरतो. म्हणजे मधल्या उतारावर शेतकऱ्याच्या हाताला सर्वांत जास्त वाव, आणि कड्यावर सर्वांत कमी.

हवेलीचा पट्टा या सगळ्या हिशेबाला चकवा देतो. इथला उतार टक्का-दीड टक्क्याच्या आतला, डोळ्यांना न दिसणारा. मग पाणी मुरायला हवे. पण माती काळी आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिला पाऊस त्या भेगांतून घटाघट आत जातो. चार-दोन सरी झाल्या की माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग तीच जमीन ताटलीसारखी होते. पूर्ण भिजलेल्या खोल काळ्या मातीत पाणी मुरण्याचा वेग ताशी एक मिलीमीटरच्याही खाली येऊ शकतो. ऑगस्टमधल्या ताशी वीस-तीस मिलीमीटरच्या सरीपुढे तो शून्यच. तेव्हा उतार नसूनही पाणी वाहते. जोरात नाही, पण सगळेच्या सगळे. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. भरल्या पावसाळ्यात काळ्या वावरात पाय घातला की चप्पल मातीकडे राहते, आणि वाफसा येईपर्यंत औत बांधावर उभे.

हवेलीने या अडचणीचीच सोय करून घेतली. मे महिन्यात बांधांची डागडुजी होई. शेताच्या चारी बाजूंनी सुमारे मीटरभर उंचीचे बांध. जुन्या कागदपत्रांत अशा बांधबंदिस्तीच्या जमिनीला बंधवास म्हटले आहे. काबर आणि मुंड ही तिथल्या काळ्या मातींची नावे, त्यांतली काबर जास्त चिकट. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की शेत भरू लागे आणि सप्टेंबरअखेर भरलेलेच राही. खरिपाचे पीक नाही, कोळपणी नाही, निंदणी नाही. वरून शेत निवांत दिसे, पण पाण्याखाली तीन कामे चालू असत. पाणी मिलीमीटर-मिलीमीटरने खाली उतरत मातीचा खोलवरचा थर भरून काढी. वाहून आलेला बारीक गाळ तिथेच बसे. आणि तण कुजून त्याचेच खत होई.

यांतले तिसरे काम सर्वांत मोलाचे होते, कारण मध्य भारतात कांस नावाचे एक गवत आहे. शरदात पांढरे तुरे डोलवणारे, दिसायला देखणे आणि शेतकऱ्याला नकोसे. त्याची मुळे इतकी खोल जातात की बैलाचा नांगर त्यांच्यापुढे हात टेकतो. एकदा शेत ओस पडले आणि कांस शिरला, की वर्षानुवर्षे जमीन हाती येत नसे. १८९०च्या दशकात आधी अतिवृष्टी आणि तांबेरा, मग दुष्काळ असे फेरे आले, तेव्हा सागर-दमोहकडे कांसाने गव्हाची किती तरी जमीन गिळली. त्याच्यावर हुकमी उतारा एकच होता: बांध घालून पावसाळाभर पाण्यात बुडवणे. आज तणांवर संशोधन करणारी देशातली मध्यवर्ती संस्था जबलपूरलाच आहे, हे या पार्श्वभूमीवर मजेचे वाटते.

मग यायचा ऑक्टोबर. पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी बांधाला तोंड पाडून पाणी सोडत. आणि इथे हवेली केवळ शेतीची रीत राहत नसे. वरच्याने बांध फोडला की त्याचे पाणी खालच्याच्या शेतात उतरे, त्याचे त्याच्याही खालच्याच्या, असे करत करत नाल्याला आणि पुढे हिरन नदीला. वरच्याने घाई केली तर खालच्याचा वाफसा लांबला. खालच्याने वाट अडवली तर वरच्याची पेरणी गेली. म्हणून तोंड कधी पाडायचे हे बांधाच्या मालकाला एकट्याने ठरवता येत नसे. ते गावाला मिळून ठरवावे लागे. पाणी उतरून वाफसा आला की फारशी नांगरट न करता गहू, हरभरा, मसूर पेरत. गहू आणि हरभरा एकत्र पेरला की त्याला बिर्रा म्हणत. पुढे पाण्याची एकही पाळी न देता, मातीत साठलेल्या ओलीवर आणि हिवाळ्यातल्या मावठ्यावर पीक निघे.

याच काळात मुंबई इलाख्यात उलट्या टोकाचा प्रश्न होता. सोलापूर, नगर, विजापूरकडे पाऊस जबलपूरच्या जेमतेम निम्मा, आणि तोही लहरी. पुण्याजवळ मांजरीला १९२३ मध्ये कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले, १९३३ मध्ये सोलापूरला संशोधन केंद्र निघाले. वाहून जाणारे पाणी आणि माती वाफ्यावाफ्याने मोजण्याची भारतातली सुरुवात याच कामातून झाली. ना. वि. कानिटकरांचे कोरडवाहू शेतीवरचे इंग्रजी पुस्तक त्या अनुभवावर उभे आहे. १९४२ मध्ये मुंबई सरकारने जमीन सुधारणेचा कायदा केला आणि समपातळी बांधांची मोठी मोहीम निघाली. हलक्या आणि मध्यम जमिनीत ते बांध टिकले. खोल काळ्या जमिनीत मात्र बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबे, पीक पिवळे पडे, आणि उन्हाळ्यात तडकलेला बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटे. बरेच शेतकरी रात्रीतून स्वतःच बांध फोडत. त्यातून अशा जमिनींसाठी ढाळीच्या बांधांचा सल्ला पुढे आला. पाणी अडवायचे नाही, त्याला हलका ढाळ देऊन सावकाश बाहेर न्यायचे.

एकच काळी माती. जबलपूरच्या शेतकऱ्याने तिच्यावर पाणी तुंबवून गहू काढला, सोलापूरच्या शेतकऱ्याचे तुंबल्याने नुकसान झाले. फरक पिकाच्या वेळेचा होता. सोलापूरच्या बांधाआड पीक उभे होते, हवेलीच्या बांधाआड नव्हते.

शेतकऱ्याच्या हाताचा वाटा किती, हे एका कोष्टकात लख्ख दिसते. अमेरिकेच्या मृदासंधारण खात्याने १९५०च्या दशकात कर्व्ह नंबर नावाची पद्धत काढली; भारतातले अभियंतेही बंधारा बांधताना ती वापरतात. तिच्यात भारी चिकण माती धरली आणि एका दिवसात शंभर मिलीमीटर पाऊस पडला असे मानले, तर नांगरून उघड्या टाकलेल्या जमिनीवरून सुमारे ८३ मिलीमीटर वाहून जाते. सरळ ओळींतल्या पिकातून ७०. उताराला आडव्या ओळींतून ६३. आडव्या ओळी आणि बांधबंदिस्ती दोन्ही असतील तर ५३. दाट जंगलातून ४५. माती तीच, पाऊस तोच. उघडी जमीन आणि बांधलेली जमीन यांत हेक्टरी तीस टँकरांचा फरक. आणि गंमत अशी, की या मूळ कोष्टकात उताराचा रकानाच नाही. ज्यांनी ते केले त्यांनी नेहमीचा शेतीचा सौम्य उतार गृहीत धरला आणि सगळा भर माती, पीक आणि मशागतीवर दिला.

हवेली मोडली ती दुष्काळाने नाही, सोयाबीनने. जबलपूरचे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले, गोंड काळातल्या आधारतालाच्या शेजारी. तिथे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या साथीने सोयाबीनवर काम सुरू झाले. पावसाळ्यात पडीक राहणाऱ्या लाखो हेक्टर काळ्या जमिनीला एक नगदी खरीप पीक मिळाले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मध्य प्रदेश सोयाबीनचा प्रदेश झाला. पण सोयाबीनच्या मुळांना तुंबलेले पाणी सोसत नाही. एक पीक जास्त हवे असेल तर बांध जायला हवा. बांध गेले. जे पाणी तीन महिने शेतात उभे राहायचे, ते आता तासा-दोन तासांत नाल्यात उतरू लागले. शेतकऱ्याला दोन पिकांचे पैसे दिसत होते. त्याला दोष देणे सोपे आणि अन्यायाचे आहे. वरच्याने बांध काढल्यावर मात्र खालच्याच्या शेतात पाणी ऑक्टोबराऐवजी जुलैतच येऊ लागले, आणि त्यासाठी गावाची बैठक बसली नव्हती.

दोन्ही साधता येईल का, यावर गेली पन्नास वर्षे खटपट चालू आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ मध्ये इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्था स्थापन झाली. तिथे काळ्या मातीच्या एका छोट्या पाणलोटात रुंद वरंबे आणि त्यांच्यामध्ये हलक्या ढाळीच्या सऱ्या काढून खरिपातही पीक घेतले. शेजारच्या पाणलोटात जुन्या रिवाजाप्रमाणे पावसाळ्यात जमीन उघडी ठेवली. उघड्या जमिनीवरून पावसाचा सुमारे चौथा हिस्सा वाहून गेला आणि हेक्टरी वर्षाला सहा टनांहून जास्त माती गेली. वरंब्यांवरून सातवा हिस्सा गेला, माती दीड टनाच्या आसपास. आज महाराष्ट्रात बीबीएफ म्हणून ओळखले जाणारे पेरणीयंत्र याच घराण्यातले.

जबलपूरच्या विश्वविद्यालयाने स्वतःची वाट काढली. जास्त पावसाच्या काळ्या मातीसाठी एकाआड एक उंच आणि खोल पट्टे करायचे. उंच पट्ट्यावर सोयाबीन, खोल पट्ट्यात भात. एकाला नको असलेले पाणी शेजारी उतरते आणि दुसऱ्याच्या कामी येते. वरचा शेतकरी आणि खालचा शेतकरी जणू एकाच शेतात आणून बसवले.

शेतावरचे आवरण हा या कथेचा सर्वांत नवा अंक. बरगी धरण १९८८च्या सुमारास उभे राहिले, कालवे आले, हवेलीच्या पट्ट्यात भात आणि गहू स्थिरावले, आणि गव्हानंतर उन्हाळी मूग घेण्याची घाई सुरू झाली. कापणीनंतर उभे राहणारे गव्हाचे खुंट, ज्यांना तिकडे नरवाई म्हणतात, ते जाळून टाकले की रान लगेच मोकळे होते. पण पावसाचा मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने येतो. खाली काडीकचरा असेल तर त्याचा मार काडीवर बसतो. नसेल तर मातीचा कण फुटतो, छिद्रे बुजतात आणि वर पापडी धरते. पापडीवरून पाणी निघून जाते. जबलपूरजवळ २०११ पासून काम करणाऱ्या बोरलॉग संस्थेच्या शेतांवर म्हणून नांगरणीच न करता, काडी जागेवर ठेवून, कायम वरंब्यांवर पेरणी केली जाते. बैगांच्या राखेतल्या पेरणीशी तिचे नाते कोणी लावत नाही, पण न नांगरण्याचा धागा दोन्हींत आहे.

हवेली इतिहासजमा झाली, असेही नाही. झाशीजवळ परासई-सिंध पाणलोटात २०११ नंतर इक्रिसॅट आणि झाशीच्या कृषिवानिकी संस्थेने गावकऱ्यांसह जुनी फुटलेली हवेली पक्क्या सांडव्यासह पुन्हा उभी केली, आणि आसपासच्या विहिरींना पाणी आले. तिथली हवेली एका मोठ्या बांधाची, जबलपूरची शेताशेताची, तत्त्व एकच.

पुढच्या पानांत उतार, माती, नांगर आणि पीक यांचा विचार एकेक करून येईल, कोष्टके आणि आकृत्याही येतील. ते सारे वाचताना वाचकाने पाटणकडची दोन शेजारची शेते डोळ्यांसमोर ठेवावीत. जबलपूरचा हिरवा वाटाणा दूरच्या बाजारात जातो. वरच्या शेतातल्याला तो पेरायला सप्टेंबरअखेर जमीन मोकळी आणि वाफशावर हवी. खालच्या शेतात भात निसवला आहे, त्याला आणखी पंधरा दिवस पाणी हवे आहे, पण वरून अचानक लोंढा नको आहे. आकाशात परतीच्या पावसाचे ढग आहेत. दोघांच्या मधल्या बांधापाशी, हातात फावडे घेऊन, वरचा उभा आहे आणि खालचा त्याच्याकडे चालत येतो आहे.